डाव्या गालावरचा तीळ

"आधी हात धुवा," हे मी हेमलता कर्णिकशी बोललेलं पहिलं वाक्य.

ती दारातच थांबली. तिच्यामागे तिचे मामा होते, बापूसाहेब दिघे. त्यांच्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती आणि तोंडात दाणे. मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांना मुलाने नमस्काराच्या आधी हात धुवायला सांगावं, असा अनुभव त्यांना पूर्वी आला नसावा.

"हात?" मामा म्हणाले. "अहो टिपणीस, आम्ही जेवायला नाही आलो."

मी कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं. बेसिनच्या वर कडेने पारा उडालेला एक चौकोनी आरसा होता आणि शेजारी खुंटीवर धुतलेला पंचा. हेमलता काही न बोलता गेली. स्वयंपाकाला लागताना धुवावेत तसे तिने कोपरापर्यंत हात धुतले, एकेक बोट कोरडं केलं आणि पंचा होता तसा घडी करून ठेवला. आरशात बघितलं नाही. मग मामांनी धुतले. मग मला दुसरं वाक्य बोलावं लागलं, की शेंगदाण्यांची पुडी बाहेर ठेवावी लागेल.

"शेंगदाण्यांनी काय केलं?"

"मुंग्या येतात. मग इतर किडे येतात. कागद खातात."

मामा पुडी व्हरांड्याच्या खिडकीत ठेवून आले आणि येताना, मला ऐकू येईल अशा बेताने, भाचीला म्हणाले, "मुलगा कडक आहे गं. तुला शिस्त लागेल."

मी कडक नव्हतो. घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला नियम आठवतात.

मी तेव्हा चौतिशीत होतो आणि एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात छापचित्रांची खोली सांभाळत होतो. शहर गुजरातेतलं, पण आमच्यासारखी मराठी घरं तिथे कित्येक पिढ्या रुजलेली. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि भांडताना दोन्ही. छापचित्र म्हणजे काय, हे मला तेव्हा जवळजवळ सगळ्यांनाच समजावून सांगावं लागे आणि माझ्याने ते कधी नीट झालं नाही. चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर चित्र काढतो, त्याला शाई लावतो आणि ओलसर कागद त्यावर दाबून ठसा घेतो. हा ठसा म्हणजेच चित्र. आमच्या विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ठशांपैकी एक संग्रहालयाला द्यायचा, असा रिवाज होता. शिवाय परदेशातल्या नव्या चित्रकारांची कामं विकत घेतलेली, काही कुणी भेट दिलेली. सागवानी कपाटांच्या सपाट खणांत ती एकावर एक निजलेली असत आणि प्रत्येकाच्या अंगावर पातळ कागदाचं पांघरूण असे.

त्या खोलीचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हात धुण्याचा नव्हता. उघड्या चित्रावर वाकून बोलायचं नाही, हा होता. बोलताना तोंडातून बारीक तुषार उडतात. ते दिसत नाहीत, पण काही वर्षांनी कागदावर त्यांचे डाग उमटतात. म्हणून पांघरूण वर केलं की गप्प राहून बघायचं आणि पांघरूण खाली आलं की काय ते बोलायचं. लोकांना हा नियम विचित्र वाटे. मला तो कुणीतरी माझ्यासाठीच केला आहे असं वाटे.

कारण मला बोलता येत नसे. अजूनही फारसं येत नाही. आई-वडील मी लहान असतानाच गेले, आत्याने मला वाढवलं आणि माझं लग्न व्हावं म्हणून तिने जंग जंग पछाडलं. पण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मी दर वेळी नापास होई. एका मुलीने मला विचारलं होतं, तुम्हाला खायला काय आवडतं. मी खरं उत्तर द्यायचं म्हणून इतका विचार करत बसलो, की बशा उचलल्या गेल्या. त्या घरून निरोप आला, मुलगा सालस आहे, पण त्याला नीट ऐकू येतं ना?

त्यामुळे दिघेमामांचा निरोप आला, की घरी नको, मुलाला त्याच्या कामाच्या जागीच भेटू, तेव्हा आत्या हरखली.

"तिथे तरी तुझं तोंड उघडतं का रे, मनू?"

"थोडं."

"तेवढं बास आहे," आत्या म्हणाली. "मुलगी मास्तरीण आहे. बाकीचं ती बोलेल."

हेमलता मराठी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लहानपणीच आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. तिने बरीच स्थळं नाकारली होती, हे आत्याने चौकशीत काढलं होतं आणि काळजीच्या सुरात मला सांगितलं होतं. मला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. नकार मला ओळखीचा होता.

तर ती दोघं हात धुऊन टेबलाशी उभी राहिली. मी बोलण्याचा नियम सांगितला. मामा नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. त्यांचा आवाज पाण्याच्या पलीकडे पोचायला घडवलेला होता आणि खोलीतही तो तसाच निघे. नियम ऐकून त्यांनी भाचीकडे बघितलं.

"म्हणजे मुलगा बघायला यायचं आणि बोलायचं नाही?"

"पांघरूण पडलं की बोलता येईल," मी म्हणालो.

मी पहिलं चित्र काढलं, उंटांच्या बाजाराचं, लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरलेलं. दोन्ही हातांनी खालच्या कोपऱ्यांकडून पांघरूण उचललं. खोली शांत झाली. मामांचे गाल फुगले, जणू पाण्याखाली गेले होते. हेमलता मात्र बघत होती. लोक सहसा छापचित्राकडे एकदा बघतात आणि मग मान वर करून माझ्याकडे बघतात, आता पुढे काय, अशा चेहऱ्याने. तिने तसं केलं नाही. ती एका कोपऱ्यापासून निघाली आणि वाचल्यासारखी दुसऱ्या कोपऱ्याला पोचली. मी पांघरूण सोडलं.

मामांनी श्वास टाकला. "उंट चांगले आहेत."

तिने विचारलं, "ह्यातला पांढरा रंग कसा लावतात?"

"लावत नाहीत. तो कागदच असतो. जिथे शाई लागत नाही, तिथे."

"म्हणजे जिथे काही केलेलं नाही, ते उंट?"

"हो. आजूबाजूचं सगळं केलेलं."

तिने मान हलवली. मला आठवतंय, मला एवढा आनंद झाला की मी पुढचं चित्र काढताना खण अर्धा उघडून परत लावला आणि पुन्हा उघडला. दुसरं चित्र एका परदेशी चित्रकाराचं होतं. पूर्ण काळा कागद आणि मधून एकच तांबडी रेघ. पांघरूण पडल्यावर मामा म्हणाले, ह्यात चित्र कुठे आहे ते दाखवा म्हणजे झालं. हेमलता म्हणाली, "मामा, रेघ सरळ नव्हती. मधे कुठेतरी त्याचा हात थांबला होता."

ते खरं होतं. मला ते कळायला दोन वर्षं लागली होती.

पांघरूण वर, पांघरूण खाली, असं आमचं चाललं. मी त्या दुपारी आयुष्यात कधी नव्हे इतकं बोललो. फार नाही, दर चित्रामागे दोन-चार वाक्यं, पण ती कुणीतरी ऐकत होतं. मनात मी आत्याला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागलो होतो. मग, मी एका चित्रावरचं पांघरूण सोडलं तेव्हा, हेमलता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडे घारे नावाच्या चित्रकाराचं काही आहे?"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

"आहे," मी म्हणालो. "विद्यार्थी होते इथले. लवकर वारले. फार कुणी विचारत नाही त्यांना."

"मला बघायचंय." आणि मग, कदाचित माझा चेहरा बघून, ती म्हणाली, "तुम्हाला खरं सांगायला हवं. मी स्थळासाठी नाही आले. त्या चित्रासाठी आले. मामाला म्हटलं, असं कुणाही परक्याला इथे आत सोडतात की नाही कोण जाणे, तर मग स्थळाच्या निमित्ताने जाऊ. चुकलंच माझं."

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "कल्पना माझी."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता मला कुणी पास-नापास करणार नव्हतं. मी विचारलं, कुठलं चित्र.

मग मामांनी सांगितलं, आणि त्या आवाजाचा माणूस किती हळू बोलू शकतो ते मला तेव्हा समजलं. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत हा घारे भाड्याने राहत असे. मामांची मोठी बहीण कुमुद, म्हणजे हेमलताची आई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घारेने तिचं चित्र काढायची परवानगी मागितली. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे रुचलं नसतं, म्हणून ती माणसं देवळात गेली की मागच्या पडवीत बैठक बसे आणि धाकटा भाऊ म्हणून मामा पायरीवर राखणीला. तांब्याच्या पत्र्याचा तुकडा आणि सुई घेऊन तो तासन्‌तास ओरखडत बसे. पुढे त्याने खोली सोडली. चित्र कुणी बघितलंच नाही.

"मी तेव्हा आईच्या पोटात होते," हेमलता म्हणाली. "मला ती नीट आठवते ती फक्त रात्रीची. मी तिच्या डाव्या बाजूला, भिंतीकडे निजायची. तिच्या ह्या गालावर तीळ होता." तिने स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला. "त्याच्यावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही. फोटो एकच आहे, लग्नाचा. त्यात तिने नेमकी मान हलवली. सगळ्यांचे चेहरे आहेत, तिचा धूर आहे."

घारेंची आमच्याकडे तीनच चित्रं होती. एक विहीर, एक शेळी आणि एका बाईचा चेहरा. मी खण उघडला. बाईचं चित्र जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं होतं आणि मागे चिठ्ठी होती, ती आमच्या पहिल्या संचालकांच्या वेळची: 'गुजराती स्त्री. ड्रायपॉइंट.' मी ती वाचून दाखवली.

"गुजराती?" हेमलता म्हणाली.

"घारेंनी स्वतः नाव दिलं नव्हतं. हे नंतर कुणीतरी बघून दिलेलं."

मी चित्र टेबलावर ठेवलं आणि पांघरूण उचललं.

छातीपर्यंतचं चित्र होतं. पंचविशीच्या आतली एक बाई, थोडी थकलेली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. पदर उजव्या खांद्यावर, चमकी नाकाच्या उजव्या बाजूला, उजव्या गालावर एक मऊ काळा ठिपका. ड्रायपॉइंटमध्ये सुईने तांब्याची बारीक कड वर उचलली जाते, तिच्यात शाई धरून राहते आणि रेघ मखमलीसारखी उमटते. ही बाई अशा रेघांची होती. मी ती अनेकदा बघितली होती आणि मला ती आवडायची.

हेमलताने उजवा हात वर केला. मी दचकलो, पण तिने चित्राला स्पर्श केला नाही. वीतभर वर, हवेत, तिने बोट त्या बाईच्या डाव्या गालावर नेलं. तिथे काहीच नव्हतं. ती बोट तसंच धरून उभी राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि माझ्याकडे मान हलवली. मी पांघरूण सोडलं.

"नाही," ती म्हणाली. "माझं बोट इथे जात नाही."

मामांनी रुमालाने मान पुसली. "काहीतरी आहे गं ताईसारखं. पण नाही. ताई नाही ही. आणि पदर बघितलास ना, उजव्या खांद्यावर. ही गुजरातीणच कुणीतरी. घारेने नंतर काढली असेल. ताईचं चित्र जमलं नसेल त्याला, पत्रा मोडीत टाकला असेल."

"असेल," हेमलता म्हणाली. तिने पर्स उचलली. रडली वगैरे नाही. पण तिच्या चेहऱ्यावर मला तो फोटो दिसला, जो मी कधी बघितला नव्हता. "तुमचा वेळ घेतला. माफ करा."

ती दारापर्यंत पोचली होती. आणि माझ्या डोक्यात मामांचं एक वाक्य फिरत होतं.

"मामा," मी म्हणालो. मी त्यांना मामा म्हटलं हे नंतर माझ्या लक्षात आलं. "तुम्ही म्हणालात, तो पत्र्यावर ओरखडायचा. आधी कागदावर काढून मग पत्र्यावर उतरवायचा का?"

"छे. थेट. ताई समोर आणि पत्रा मांडीवर. मी शेजारी होतो की."

"मग..." मी म्हणालो आणि तिथेच अडकलो.

मला जे सांगायचं होतं ते अगदी साधं होतं. कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं, मला तर रोजच्या कामातलं होतं. पण चिठ्ठीवर गुजराती लिहिलं होतं, म्हणून ह्या एका चित्राच्या बाबतीत मला ते कधी सुचलंच नव्हतं. आता सुचलं आणि शब्द येईनात. मी म्हणालो, "कागद पत्र्यावर पालथा पडतो." ती दोघं माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "म्हणजे तो डावा..." आणि पुन्हा थांबलो. मामांच्या चेहऱ्यावर आता कीव होती. हा मुलगा बोलू लागला होता आणि पुन्हा बिघडला.

मग मी बोलणं सोडलं. टेबलाशी गेलो, चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि चित्र उचललं.

हे करायचं नसतं. आमच्या खोलीत चित्र उभं धरून चालायचं नाही, असा नियम होता आणि तो मी माझ्या आधीच्या माणसाकडून जवळजवळ शपथ घेतल्यासारखा घेतला होता. टेबलापासून बेसिनपर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण ते चालताना मला घाम फुटला. आरशासमोर जाऊन मी चित्र छातीशी धरलं, तोंड आरशाकडे. पांघरूण हनुवटीखाली दाबून मागे सरकवलं. आता तोंड उघडणं शक्यच नव्हतं, म्हणून मी डोळ्यांनीच हेमलताला बोलावलं.

ती आली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि आरशात बघितलं.

पदर डाव्या खांद्यावर आला होता. चमकी डावीकडे. आणि डाव्या गालावर तीळ.

छापताना उलटलेलं आरशाने सुलटं केलं होतं. हेमलताने हात वर केला, आणि ह्या वेळी तिचं बोट आरशाच्या काचेला टेकलं. तिथे टेकायला हरकत नव्हती. काचेवर तिच्या बोटाखाली तो ठिपका झाकला गेला. तिने डोळे मिटले.

मामा कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांचे ओठ हलले, आणि मग त्यांना नियम आठवला असावा, कारण त्यांनी तळहात तोंडावर धरला, मान चित्रापासून पूर्ण दुसरीकडे वळवली आणि भिंतीला सांगावं तसं अगदी हळू म्हणाले, "ताई."

माझे दंड भरून आले होते. हेमलताने डोळे उघडले, आईकडे बघितलं, आणि एकदा तिची नजर थोडी वर गेली. आरशात आईच्या वर माझा चेहरा होता, हनुवटीखाली पातळ कागद दाबलेला, घामेजलेला. त्या चेहऱ्याबद्दल तिला काय वाटलं असेल ह्याचा विचार मी पुढे फार वर्षं केला. मी नजर खाली घेतली.

मी चित्र टेबलावर ठेवलं, तेव्हा पांघरूण तिने घातलं. दोन्ही हातांनी, खालच्या कोपऱ्यांना धरून, जसं मला करताना बघितलं होतं तसं. झोपलेल्या माणसाच्या अंगावर घालावं तसं.

"थंडी वाजेल तिला," मामा म्हणाले. त्यांना हसायचं होतं, ते जमलं नाही. जाताना ते शेंगदाण्यांची पुडी विसरून गेले.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. आत्याने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, मुलगी स्थळासाठी आलीच नव्हती. आत्या म्हणाली, तुझं नशीब, आणि कणीक मळायला घेतली. मी संचालकांना भीतभीत भेटून चिठ्ठी बदलायची परवानगी मागितली. त्यांनी चित्र आरशात बघितलं आणि बराच वेळ हसले, स्वतःलाच. नवी चिठ्ठी मी लिहिली: 'कुमुद. ड्रायपॉइंट.'

मग एका सकाळी मामा आमच्या घरी आले. चहा घेतला, आत्याशी तलावाच्या गोष्टी केल्या आणि मग म्हणाले, हेमाने टिपणिसांना एक विचारायला सांगितलंय. लग्न झालं, तर ते चित्र तिला वर्षातून एकदा बघता येईल का?

आत्या माझ्याकडे बघत होती. मामा माझ्याकडे बघत होते. मी विचार केला. मला प्रश्न नीट समजून घ्यायचा होता. चित्राला उजेड किती चालतो, उघडझाप किती चालते, हे सगळं मी मनात तपासलं. मग मी म्हणालो, "वर्षातून एकदा काहीच हरकत नाही. पण त्यासाठी लग्नाची गरज नाही. अर्ज केला तर कोणालाही बघता येतं."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मामा मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिले, मग उठले आणि म्हणाले, असंच सांगतो तिला, अगदी ह्याच शब्दांत. ते गेल्यावर आत्या माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी होकार आला.

मला त्याचा अर्थ लावता आला नाही. लग्न झालं, संसार झाला, आत्या नातवंडं खेळवून समाधानाने गेली. मामाही गेले. दरवर्षी दिवाळीची सुटी संपल्यावर, संग्रहालय उघडलं की हेमलता येई, हात धुई, मी चित्र घेऊन आरशापुढे उभा राही आणि ती काचेला बोट लावी. ती आईच्या वयाची झाली, मग आईहून मोठी झाली, मग केस पिकले. चित्रातली बाई आता तिला मुलीसारखी दिसे. आम्ही चांगले राहिलो. पण माझ्या मनात एक कुसळ होतं. तिने होकार मला दिला होता की त्या खणाला? खणाची किल्ली माझ्याकडे होती. असं विचारणं मला शोभलं नसतं, आणि उत्तराची भीतीही होती. मी निवृत्त झालो, किल्ली दुसऱ्यांच्या हाती दिली, तेव्हा घरी येताना मला वाटलं, आता माझ्याकडे तिला देण्यासारखं काही उरलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं रीतसर अर्ज करून गेलो. खोली नवी झाली होती. बेसिन चकचकीत, आरसा नाही. आम्हाला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं होतं, आमच्या आधी विद्यार्थ्यांचा गट आत होता. हेमलताच्या पर्समध्ये घरचा छोटा आरसा होता आणि मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. मामांची आठवण म्हणून ती दरवर्षी आणायची.

कसा कोण जाणे, मी तिथे विचारलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या कुंड्यांकडे बघत.

ती बराच वेळ दाणे सोलत राहिली.

"इतकी वर्षं तुमच्या मनात हे होतं?"

"अधूनमधून."

"खण तर तुम्ही तेव्हाच देऊन टाकला होता. अर्ज केला तर कोणालाही. आठवतंय? मामा सांगताना हसून हसून खाली बसला होता." तिने सालं रुमालात गोळा केली. "मी म्हटलं, आता चित्र तर मिळालं. आता नुसता माणूस उरला, त्याचा विचार करता येईल."

मी कुंड्यांकडे बघायचं सोडून तिच्याकडे वळलो.

"आणि फार विचार नाही करावा लागला," ती म्हणाली. "त्या दिवशी आरशात मी तुम्हाला बघितलं होतं. तुमचे ओठ थरथरत होते, मानेवरून घाम ओघळत होता. मला वाटलं, हा माणूस आता पडतो. पण आई इतकीशीसुद्धा हलली नाही."

दार उघडलं. विद्यार्थी बाहेर पडले आणि आतून एका मुलीने आमचं नाव पुकारलं. हेमलताने पुडी गुंडाळून खिडकीत ठेवली आणि उठायला मला हात दिला.

"चला," ती म्हणाली. "आधी हात धुऊ."